फ्रेडरिक सँगर यांचे संशोधनलेखन आणि उद्धरणगणनेच्या मर्यादा

सारांश

संशोधकाचे कार्य त्याच्या प्रकाशित लेखांच्या संख्येवरून व त्या लेखांना मिळालेल्या उद्धरणांवरून मोजण्याची प्रथा आता उच्च शिक्षणक्षेत्रात सर्वत्र रूढ झाली आहे. रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोनदा मिळविणारे ब्रिटिश संशोधक फ्रेडरिक सँगर यांच्या लेखनाचा कालक्रम व त्यांच्या १९७७ मधील लेखाचा उद्धरणप्रवास यांच्या आधारे ही मोजणी नेमके काय सांगते आणि काय सांगू शकत नाही, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : रेणवीय जीवशास्त्र, उद्धरण, इम्पॅक्ट फॅक्टर, एच-निर्देशांक, संशोधन-मूल्यमापन.

प्रस्तावना

एखाद्या संशोधकाचे स्थान ठरविताना पूर्वी त्या विषयातील जाणकार त्याचे लेख वाचून मत देत असत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संशोधनपत्रिकांची व लेखांची संख्या इतकी वाढली की, प्रत्येक लेख वाचून मत देणे निवडसमित्यांना अवघड होऊ लागले. त्या अडचणीवर उपाय म्हणून अंकांचा आधार घेतला जाऊ लागला. लेख किती, ते कोणत्या पत्रिकेत आले आणि त्यांना किती उद्धरणे मिळाली, या तीन प्रश्नांची उत्तरे संख्येत देता येतात, त्यांची तुलना करता येते आणि वरवर पाहता त्यांत पक्षपाताला वाव नसतो. त्यामुळे ही पद्धत लवकर लोकप्रिय झाली.

तथापि कोणतेही मोजमाप वापरण्यापूर्वी ते कशाचे मोजमाप आहे हे समजून घेणे आवश्यक असते. त्यासाठी ज्याच्या कार्याचे मोल वादातीत आहे अशा एखाद्या संशोधकाची लेखनसूची घेऊन तिला ही मापे लावून पाहणे उपयुक्त ठरते. मापाने काढलेले उत्तर आणि इतिहासाने दिलेला निर्णय जेथे जुळतात तेथे मापाची शक्ती दिसते, आणि जेथे ते जुळत नाहीत तेथे त्याची मर्यादा दिसते. फ्रेडरिक सँगर (१९१८–२०१३) यांचे उदाहरण या दृष्टीने विशेष बोलके आहे. प्रथिनांतील अमिनो आम्लांचा क्रम आणि डीएनएमधील न्यूक्लिओटाइडांचा क्रम वाचण्याच्या पद्धती त्यांनी शोधल्या. आधुनिक रेणवीय जीवशास्त्राची उभारणी फार मोठ्या प्रमाणात या दोन पद्धतींवर झालेली आहे.

उद्धरणगणनेचा उगम

लेखकाने आपल्या लेखात पूर्वीच्या एखाद्या लेखाचा आधार दिला की त्या पूर्वीच्या लेखाला एक उद्धरण, म्हणजेच सायटेशन, मिळते. अशा उद्धरणांची पद्धतशीर सूची करावी ही कल्पना अमेरिकेतील यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’ या पत्रिकेत मांडली. एखाद्या जुन्या न्यायनिर्णयाचा पुढे कोणत्या निर्णयांत आधार घेतला गेला हे दाखविणाऱ्या सूची अमेरिकेतील वकील एकोणिसाव्या शतकापासून वापरत होते. तीच युक्ती विज्ञानसाहित्यास लावावी, असे गारफील्ड यांचे म्हणणे होते. एखाद्या लेखाचे पुढे काय झाले, त्यातील विधानावर कोणी आक्षेप घेतला का, त्यातील पद्धत कोठे वापरली गेली, हे वाचकाला शोधता यावे हा त्यामागील हेतू होता. ती मुळात वाचनाची सोय होती. मूल्यमापनाचे साधन ती नंतर झाली.

या उपक्रमाचा आनुवंशिकीशी आरंभापासून निकटचा संबंध होता. आनुवंशिकीतील नोबेल-विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी गारफील्ड यांना प्रोत्साहन दिले आणि प्रायोगिक स्वरूपाची पहिली सूची १९६३ मध्ये आनुवंशिकी या विषयापुरतीच तयार झाली. त्यापाठोपाठ ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’चे नियमित प्रकाशन सुरू झाले. १९६४ मध्ये गारफील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी उद्धरणांवरून विज्ञानाचा इतिहास लिहिता येतो काय याची तपासणी केली, तेव्हा त्यांनी निवडलेला विषयही डीएनएच्या शोधाचा इतिहास हाच होता.

यानंतर दोन मापे प्रचारात आली. पत्रिकेचा इम्पॅक्ट फॅक्टर १९७५ पासून वार्षिक अहवालाच्या रूपाने प्रसिद्ध होऊ लागला. आधीच्या दोन वर्षांत त्या पत्रिकेत आलेल्या लेखांना चालू वर्षी मिळालेली एकूण उद्धरणे भागिले त्या दोन वर्षांतील लेखांची संख्या, असे त्याचे साधे गणित आहे. दुसरे माप म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी २००५ मध्ये सुचविलेला एच-निर्देशांक. एखाद्या संशोधकाच्या किमान दहा लेखांना प्रत्येकी दहा किंवा अधिक उद्धरणे असतील, पण अकरा लेखांना प्रत्येकी अकरा नसतील, तर त्याचा एच-निर्देशांक दहा होतो. पहिले माप पत्रिकेचे आहे आणि दुसरे व्यक्तीचे. व्यवहारात मात्र पत्रिकेचे माप व्यक्तीला लावण्याचा प्रघात पडला.

सँगर यांच्या लेखनाचा कालक्रम

सँगर यांनी १९४३ मध्ये केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. पदवी मिळविली. लायसीन या अमिनो आम्लाचा चयापचय हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. त्यानंतर प्रा. चिबनॉल यांच्या विभागात त्यांनी इन्सुलिनवर काम सुरू केले. प्रथिनाच्या साखळीच्या टोकाशी असलेल्या अमिनो गटाला जोडले जाऊन पिवळ्या रंगाचे संयुग देणारा एक अभिकर्मक त्यांनी वापरात आणला आणि त्याविषयीचा लेख १९४५ मध्ये ‘बायोकेमिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. साखळीचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचे टोक ओळखायचे आणि तुकड्यांची सरमिसळ जुळवून मूळ क्रम काढायचा, असे या कामाचे स्वरूप होते. हान्स टुप्पी यांच्यासह त्यांनी इन्सुलिनच्या ३० अमिनो आम्लांच्या साखळीचा क्रम १९५१ मध्ये आणि ई. ओ. पी. थॉम्प्सन यांच्यासह २१ अमिनो आम्लांच्या साखळीचा क्रम १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. दोन साखळ्यांना जोडणाऱ्या गंधकबंधांची जागा १९५५ मध्ये निश्चित झाली. प्रत्येक प्रथिनाला अमिनो आम्लांचा स्वतःचा असा निश्चित क्रम असतो, हे यामुळे प्रथमच निर्विवाद सिद्ध झाले. या कार्यासाठी त्यांना १९५८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणजे पहिल्या महत्त्वाच्या लेखापासून संपूर्ण रचना हाती येईपर्यंत दहा वर्षे गेली. या काळात त्यांना आधी बाइट शिष्यवृत्तीचा आणि १९५१ पासून ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचा स्थिर आधार होता. एकावन्न अमिनो आम्लांचा क्रम लावण्यासाठी दहा वर्षे देता आली, याचे एक कारण हे स्थैर्य होते.

इन्सुलिननंतरचा काळ तुलनेने शांत गेला. विकरांच्या, म्हणजेच एन्झाइमांच्या, कार्यकेंद्रांचा शोध किरणोत्सारी फॉस्फरसच्या साहाय्याने घेण्याचा त्यांनी प्रयत्न केला. लेख येत राहिले, पण इन्सुलिनच्या तोडीचे काही हाती लागले नाही. १९८८ मध्ये लिहिलेल्या आत्मपर लेखात सँगर यांनी स्वतःच या वर्षांची गणना दुबळ्या वर्षांत केली आहे. १९६२ मध्ये ते केंब्रिजमधील रेणवीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत आले आणि आरएनएकडे वळले. येथे यशाचा मान आधी दुसऱ्याला मिळाला. आरएनएच्या रेणूचा पहिला संपूर्ण क्रम १९६५ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट हॉली यांनी प्रसिद्ध केला. सँगर यांनी ब्राउनली व बॅरेल यांच्यासह आरएनएच्या तुकड्यांचे द्विमितीय पृथक्करण करण्याची पद्धत त्याच वर्षी मांडली आणि १९६७ मध्ये १२० न्यूक्लिओटाइडांच्या एका आरएनए रेणूचा क्रम या गटाने प्रसिद्ध केला.

डीएनएचा प्रश्न याहून कठीण होता, कारण त्याचे रेणू फार लांब असतात. तुकडे करून जुळवीत बसण्याची जुनी रीत येथे पुरी पडणार नव्हती. म्हणून सँगर यांनी ती सोडून दिली आणि डीएनएची नक्कल करणाऱ्या विकराचाच उपयोग करण्याचे ठरविले. या मार्गावरील पहिली, ‘अधिक-उणे’ या नावाची पद्धत त्यांनी ॲलन कूल्सन यांच्यासह १९७५ मध्ये प्रसिद्ध केली. फेब्रुवारी १९७७ मध्ये नऊ लेखकांच्या नावे ‘नेचर’मध्ये आलेल्या लेखात फाय-एक्स १७४ या जीवाणुभक्षक विषाणूच्या डीएनएचा जवळजवळ ५,३७५ न्यूक्लिओटाइडांचा क्रम देण्यात आला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये सँगर, निकलेन व कूल्सन यांचा पाच पानांचा लेख अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात आला. त्यात डायडिऑक्सी पद्धतीचे वर्णन होते. याच पद्धतीने त्यांच्या प्रयोगशाळेने १९८१ मध्ये मानवी मायटोकाँड्रियाच्या डीएनएचा १६,५६९ न्यूक्लिओटाइडांचा आणि १९८२ मध्ये लॅम्डा विषाणूचा ४८,५०२ न्यूक्लिओटाइडांचा क्रम सिद्ध केला. १९८० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक पॉल बर्ग, वॉल्टर गिल्बर्ट व सँगर यांना विभागून मिळाले. १९८३ मध्ये, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, सँगर निवृत्त झाले व बागकामात रमले.

पाच पानांच्या लेखाची उद्धरणे

डायडिऑक्सी पद्धतीचे तत्त्व थोडक्यात असे आहे. डीएनएची नवी साखळी तयार होताना प्रत्येक न्यूक्लिओटाइड आधीच्या न्यूक्लिओटाइडच्या टोकाशी असलेल्या हायड्रॉक्सिल गटाला जोडले जाते. हा गट नसलेले, म्हणजे डायडिऑक्सी प्रकारचे, न्यूक्लिओटाइड साखळीत आले की पुढची जोडणी थांबते. चार परीक्षानळ्या घेऊन प्रत्येकीत चारपैकी एका प्रकारचे असे ‘थांबे’ थोड्या प्रमाणात मिसळले, तर प्रत्येक नळीत त्या त्या अक्षरापाशी थांबलेल्या निरनिराळ्या लांबीच्या साखळ्या मिळतात. त्या जेलमधून विद्युत्‌प्रवाहाच्या साहाय्याने लांबीनुसार वेगळ्या केल्या की चार रांगांतील पट्टे खालून वर वाचीत जाऊन क्रम लिहून घेता येतो.

ही पद्धत सोपी, अचूक व विस्तारक्षम ठरली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात किरणोत्सारी खुणांच्या जागी रंगीत प्रतिदीप्त खुणा आल्या, वाचनाचे काम यंत्राकडे गेले आणि १९९० ते २००३ या काळात चाललेला मानवी जीनोम प्रकल्प याच तत्त्वावर पार पडला. साहजिकच या लेखाची उद्धरणे प्रचंड वाढली. ‘नेचर’ने २०१४ मध्ये सर्वाधिक उद्धृत झालेल्या शंभर लेखांची यादी प्रसिद्ध केली. तीत हा लेख ६५,३३५ उद्धरणांसह चौथ्या क्रमांकावर होता.

या यादीतील पहिले पाच लेख एकत्र पाहिले तर एक बाब स्पष्ट होते. पहिला लेख लाउरी व सहकाऱ्यांचा, १९५१ मधील. प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची पद्धत त्यात आहे आणि त्याची उद्धरणे तीन लाखांहून अधिक आहेत. दुसरा लेम्ली यांचा, १९७० मधील. तिसरा ब्रॅडफर्ड यांचा, १९७६ मधील, हाही प्रथिनमापनाचा. पाचवा चॉमचिन्स्की व साक्की यांचा, १९८७ मधील, आरएनए वेगळे काढण्याच्या पद्धतीचा. पाचही लेख प्रयोगशाळेतील नित्याच्या कार्यपद्धतींसाठीच उद्धृत होतात. याउलट डीएनएची द्विसर्पिल रचना सांगणारा वॉटसन व क्रिक यांचा १९५३ चा लेख पहिल्या शंभरांत नाही. लाउरी यांच्या लेखाची उद्धरणे वॉटसन–क्रिक यांच्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त आहेत, म्हणून तो शोध तितक्या पटींनी मोठा, असा निष्कर्ष कोणी काढणार नाही. खुद्द लाउरी यांनीही आपला हा लेख थोर असल्याचा दावा केला नव्हता.

लेम्ली यांचे उदाहरण आणखी सूचक आहे. त्यांच्या लेखाचा विषय टी-४ या विषाणूच्या शीर्षभागाची जुळणी हा होता. प्रथिने वेगळी करण्याच्या जेलमध्ये त्यांनी केलेली सुधारणा त्या कामाच्या ओघात आली होती. पुढील बहुसंख्य संशोधकांनी लेख उद्धृत केला तो या सुधारणेसाठी. विषाणूच्या शीर्षाशी त्यांचा काही संबंध नव्हता. उद्धरणाचा आकडा किती वेळा आधार घेतला हे सांगतो, पण कशासाठी घेतला हे सांगत नाही. पद्धत वापरल्याचे उद्धरण, मत मान्य असल्याचे उद्धरण आणि मत खोडून काढण्यासाठी केलेले उद्धरण ही गणनेत सारखीच ठरतात.

गणनेत न मावणाऱ्या बाबी

सँगर यांच्या लेखनाला वर सांगितलेली मापे लावली असता पुढील चार गोष्टी दिसून येतात.

पहिली गोष्ट काळाची. इम्पॅक्ट फॅक्टर आधीच्या दोन वर्षांतील लेखच विचारात घेतो. डिसेंबर १९७७ मध्ये आलेल्या लेखाच्या उद्धरणांचा उपयोग पत्रिकेच्या १९७८ व १९७९ या दोन वर्षांच्या अंकांपुरताच होऊ शकतो. त्यानंतरच्या दशकांत मिळालेली हजारो उद्धरणे या मापाच्या खिजगणतीतही नाहीत. जो लेख दीर्घकाळ टिकतो त्याचा टिकाऊपणा या मापाला दिसतच नाही.

दुसरी गोष्ट गणिताची. एच-निर्देशांकात ६५,३३५ उद्धरणांचा लेख निर्देशांक फार तर एकाने वाढवितो. शंभर उद्धरणांचा एखादा सामान्य लेखही, निर्देशांक शंभराच्या खाली असेल तर, तेवढीच भर घालू शकतो. शिवाय हा निर्देशांक एकूण लेखसंख्येपेक्षा मोठा कधीच होत नाही. एका प्रश्नावर दहा वर्षे खर्च करून मोजके लेख लिहिणाऱ्यापेक्षा त्याच कामाचे लहान तुकडे करून प्रकाशित करणारा येथे सरस ठरतो. क्रमनिर्धारणात साखळीचे तुकडे करावे लागतात ते अखेर पूर्ण रेणू जुळविण्यासाठी. लेखसंख्येसाठी केलेल्या तुकड्यांना असा काही हेतू नसतो.

तिसरी गोष्ट आत्मसात झालेल्या ज्ञानाची. एखादी पद्धत इतकी सर्वमान्य होते की तिचा आधार देण्याची कोणाला गरज वाटत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रक्रियेचे वर्णन समावेशामुळे होणारा विलोप असे केले आहे. आज एखादा पदव्युत्तर विद्यार्थी डीएनएचा नमुना क्रमनिर्धारणासाठी पाठवितो आणि आपल्या प्रबंधात ‘सँगर पद्धतीने क्रम निश्चित केला’ एवढेच लिहितो. १९७७ च्या लेखाचा निर्देश तो करीलच असे नाही. भारतीय विज्ञानातील याचेच उदाहरण म्हणजे जी. एन. रामचंद्रन, रामकृष्णन व शशिशेखरन यांनी १९६३ मध्ये मांडलेला आलेख. प्रथिनाची कोणतीही नवी रचना तपासताना ‘रामचंद्रन आलेख’ काढला जातो, पण मूळ लेखाचा संदर्भ प्रत्येक वेळी दिला जात नाही. संशोधकाचे नाव पद्धतीचे विशेषण होते तेव्हा त्याचा प्रभाव सर्वाधिक असतो आणि नेमक्या त्याच वेळी उद्धरणांची वाढ मंदावू शकते.

चौथी गोष्ट शिष्यपरंपरेची. सँगर यांचे पहिले पीएच.डी. विद्यार्थी रॉडनी पोर्टर यांना १९७२ मध्ये, त्यांच्याजवळ काही काळ काम केलेले सीझर मिलस्टाइन यांना १९८४ मध्ये आणि १९७५ मध्ये त्यांच्याकडे प्रबंध पूर्ण केलेल्या एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मिलस्टाइन सँगर यांच्याबरोबर होते तो काळ ज्यांना दुबळी वर्षे म्हटले गेले त्यांतलाच. लेखसूचीत जी जागा रिकामी दिसते तेथे प्रयोगशाळेत माणसे घडत होती. अध्यापकांच्या दृष्टीने ही बाब मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे, कारण अध्यापनाचा व मार्गदर्शनाचा परिणाम कोणत्याही उद्धरणसूचीत नोंदला जात नाही.

ब्रेनर यांचा आक्षेप आणि त्याची मर्यादा

सँगर यांच्या निधनानंतर त्यांचे सहकारी व २००२ चे नोबेल-विजेते सिडनी ब्रेनर यांनी २०१४ मध्ये ‘सायन्स’मध्ये एक टिपण लिहिले. सततचे अहवाल व मूल्यमापन यांवर चालणाऱ्या आजच्या व्यवस्थेत सँगर टिकले नसते, असे त्यांचे प्रतिपादन होते. इन्सुलिननंतर आरएनएपर्यंत आणि तेथून डीएनएपर्यंत गेलेली वर्षे पाहून एखाद्या समितीने त्यांच्यावर अनुत्पादकतेचा शिक्का मारला असता, असे ब्रेनर यांनी म्हटले आहे.

हे विधान तपासून घेणे आवश्यक आहे. ब्रेनर यांनी दाखविलेल्या अंतरांत सँगर यांचे लेखन बंद नव्हते. १९५५ मधील गंधकबंधांवरील, १९६० च्या सुमाराचे विकरांवरील आणि १९६५ मधील आरएनएवरील लेख याच काळातील आहेत. तेव्हा सँगर वर्षानुवर्षे काहीच लिहीत नव्हते, ही समजूत बरोबर नाही. परंतु ब्रेनर यांच्या मूळ मुद्द्याला यामुळे बाध येत नाही. या काळातील लेख बहुतांशी वाट शोधण्याच्या प्रयत्नांचे होते आणि त्यांचे मोल नंतर डीएनएचे काम पूर्ण झाल्यावर उमगले. विकराच्या साहाय्याने नक्कल करून क्रम वाचण्याची कल्पना १९६० च्या सुमारास कोणा समितीला दिसू शकली नसती.

दुसऱ्या बाजूचाही विचार केला पाहिजे. थोडे लिहिणे हा स्वतःत गुण नाही. ज्याची लेखसूची आखूड आहे तो प्रत्येक जण सँगर नसतो, आणि ‘मोठे काम चालू आहे’ ही सबब आळसालाही शोभते. मूल्यमापनच नको, असा सँगर यांच्या उदाहरणाचा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. सँगर यांना आधार देणाऱ्या संस्थेनेही मूल्यमापन केले होते. काम समजणाऱ्या सहकाऱ्यांच्या मतावर विसंबून ते झाले, एवढाच फरक. मूल्यमापन व्हावे की न व्हावे हा येथील प्रश्न नाही. ते वाचून करावे की मोजून, हा आहे.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या संदर्भात

भारतात हा प्रश्न केवळ सैद्धांतिक राहिलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी अध्यापकांच्या पदोन्नतीसाठी एपीआय गुणांकनाची पद्धत आणली. जुलै २०१८ च्या विनियमांतही संशोधन-गुण काढताना पत्रिकेच्या इम्पॅक्ट फॅक्टरनुसार वाढीव गुण देण्याची तरतूद होती. गुणांच्या या निकडीतून पैसे घेऊन विनापरीक्षण लेख छापणाऱ्या पत्रिकांचा सुळसुळाट झाला. त्यास आळा घालण्यासाठी आयोगाने २०१९ मध्ये केअर यादी प्रसिद्ध केली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बंद करीत असल्याचे जाहीर केले. पत्रिकांची पारख करण्याची जबाबदारी त्यामुळे पुन्हा संस्थांकडे व विषयतज्ज्ञांकडे आली.

जागतिक पातळीवरही याच दिशेने विचार झाला आहे. डिसेंबर २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे पेशी-जीवशास्त्रज्ञांच्या वार्षिक सभेच्या वेळी ‘डोरा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाहीरनाम्याची आखणी झाली. नियुक्ती, पदोन्नती व अनुदान यांच्या निर्णयांत इम्पॅक्ट फॅक्टरसारखी पत्रिकेची मापे व्यक्तीच्या लेखांचा दर्जा म्हणून वापरू नयेत, अशी त्याची प्रमुख शिफारस आहे. २०१५ मधील लायडेन जाहीरनाम्याने संख्यात्मक मापांनी तज्ज्ञांच्या निर्णयाला पूरक व्हावे, त्याची जागा घेऊ नये, हे तत्त्व मांडले. स्थानिक भाषेतील व स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाचे रक्षण करण्याचाही त्यात आग्रह आहे. मराठीतून संशोधनलेखन करणाऱ्या अध्यापकांना हा मुद्दा थेट लागू पडतो, कारण प्रमुख उद्धरणसूचींत इंग्रजी पत्रिकांचेच प्राबल्य आहे.

उद्धरणसंख्येची तुलना करताना काही पथ्ये पाळता येतात. वेगवेगळ्या विषयांतील आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. रेणवीय जीवशास्त्रात एका लेखात दिल्या जाणाऱ्या आधारांची संख्या गणित किंवा मराठी साहित्य या विषयांपेक्षा फार मोठी असते. आकडा कोणत्या सूचीतून घेतला हे नोंदवावे, कारण वेब ऑफ सायन्स, स्कोपस व गुगल स्कॉलर यांचे आकडे एकाच लेखाबाबतही भिन्न असतात. लेखाचे वय ध्यानात घ्यावे. सहलेखकांपैकी कोणी काय केले हे विचारावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, उमेदवाराने स्वतः निवडलेले त्याचे तीन-चार लेख समितीने प्रत्यक्ष वाचावेत. हे काम वेळखाऊ आहे, परंतु एखाद्या अध्यापकाच्या पुढील वीस वर्षांचा निर्णय घेताना तेवढा वेळ देणे अवाजवी नाही.

निष्कर्ष

सँगर यांच्या उदाहरणावरून असे म्हणता येते की, उद्धरणसंख्या हे प्रामुख्याने उपयोगाचे माप आहे. डायडिऑक्सी पद्धत किती प्रयोगशाळांत पोहोचली हे ती चांगले दाखविते. इन्सुलिनच्या क्रमाने प्रथिनांविषयीची मूलभूत समजूत बदलली, मधल्या वर्षांतील अपयशातून पुढची वाट सापडली, प्रयोगशाळेत पुढची पिढी तयार झाली, हे मात्र त्या संख्येत उमटत नाही. गारफील्ड यांनी उद्धरणसूची तयार केली ती वाचकाला पुढच्या वाचनाकडे नेण्यासाठी. तिचा आकडा वाचनाऐवजी वापरला जातो तेव्हा साधनाचा मूळ हेतूच उलटा होतो. उद्धरणसंख्या पाहून लेख हाती घ्यावा, निर्णय मात्र लेख वाचल्यावर करावा, एवढी शिस्त पाळली गेली तर या मापाचा लाभ होईल आणि त्यापासून होणारी हानी टळेल.